सीट नंबर सांगून ठेवा

रविवारचा दुपारचा प्रयोग होता. दुसरा अंक निम्म्यावर आलेला. रंगमंचावर बाप आणि मुलगी, मधे एक रिकामी खुर्ची, आणि दोघांपैकी कोणीच काही बोलत नाही. बापाने इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेली एक गोष्ट नुकतीच सांगून टाकली आहे आणि मुलगी ती पचवते आहे. सगळं नाट्यगृह तिच्याबरोबर थांबलं होतं. तेवढ्यात माझ्या पुढच्या रांगेत, जरा डावीकडे बसलेल्या गृहस्थांच्या खिशात उजेड झाला. शर्ट पांढरा, त्यामुळे कापडातून तो निळसर चौकोन लख्ख दिसला. त्यांनी फोन काढला, तोंडावर हात आडवा धरला आणि हळूच म्हणाले, "नाटकात आहे. बोल." मग जरा थांबून, "पोचलास? जेवलास का काही? बरं. किल्ली तुळशीच्या कुंडीखाली आहे. हां. ठेवतो."

विसेक सेकंदांत सगळं आटोपलं. फोन सायलेंटवर होता, बोलणं दबक्या आवाजात होतं. शेजारच्या बाईंनी 'च्च' केलं. मागून कोणीतरी 'शूऽऽ' केलं आणि ते त्या बोलण्याहून मोठं होतं. रंगमंचावरच्या मुलीने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढचं वाक्य घेतलं. ते तिने लवकर घेतलं, हे मला जाणवलं. तो थांबा आणखी मोठा होता, तिने तो अर्ध्यावर सोडून दिला. हातातून निसटतंय हे नटाला प्रेक्षकांच्या आधी कळतं.

हे गृहस्थ बेफिकीर असते तर बरं झालं असतं. पहिल्या अंकात मी त्यांना पाहिलं होतं. हसायच्या जागी मनापासून हसत होते, एका प्रसंगात चष्मा काढून डोळे पुसले होते. तिकीट काढून, घरून वेळेवर निघून आलेला हा चांगला प्रेक्षक होता. त्यांचा मुलगा, किंवा जो कोणी असेल तो, बंद दाराशी उभा होता आणि बाप त्याला जेवलास का विचारत होता. मला राग आला, आणि त्या रागाला नीट धरायला जागाच मिळेना. घरी परतताना, दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना, तुळशीची ती कुंडी डोक्यातून जाईना.

मी हौशी रंगभूमीवर साउंड ऑपरेट करते. कॉलेजात असताना एकदा एकांकिकेला माणूस कमी पडला म्हणून बसवलं, तेव्हापासून तिथेच आहे. त्यामुळे नाटक मी जितकं पाहिलंय त्याहून जास्त ऐकलंय. माझ्या संहितेच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं असतं, 'इथे हात लावू नको', 'पॉज, ती मान वळवेपर्यंत'. लोकांना वाटतं साउंडवाल्याचं काम आवाज सोडण्याचं. खरं कठीण काम आवाज न सोडता बसण्याचं आहे, आवाज कमीजास्त करणाऱ्या फेडरवर बोट ठेवून. अशा वेळी नाट्यगृह ऐकू येतं. आधी खुर्च्यांची करकर थांबते. मग खोकणारे खोकायचे थांबतात. घशात खवखव असलेला माणूसही त्या क्षणी ती दाबून धरतो, हे मी असंख्य वेळा पाहिलंय आणि दर वेळी मला त्याचं नवल वाटतं. मग एसीची घरघर वर येते, आणि सगळ्यात शेवटी जे येतं त्याला मला नाव देता येत नाही. पाच-सातशे माणसं एकाच गोष्टीची वाट पाहत बसली की जे होतं, ते. ते नट एकटा करू शकत नाही, दिग्दर्शक बसवू शकत नाही. रिकाम्या नाट्यगृहात तालमीला तो पॉज आम्ही घेतो, पण तो नुसता वेळ असतो.

आणि मग वाजतो.

तो इतका का टोचतो याचं कारण आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो. तान्ह्या बाळाच्या रडण्यातली धार तिथलीच. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरला खर्ज जमत नाही, त्यामुळे त्यातून गणपतीची आरती वाजो नाहीतर बासरी, ती निघते नेमकी त्या टोचऱ्या पट्ट्यातच. त्यात चांगलं नाट्यगृह बांधलेलंच असतं रंगमंचावरची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावी म्हणून. पण आवाजाचा रस्ता एकेरी नसतो. पंधराव्या रांगेतला खिसा रंगमंचावर व्यवस्थित ऐकू येतो.

पूर्वी तर आम्हाला फोन वाजायच्या आधी कळायचं. जुने जीएसएम फोन टॉवरशी संधान बांधताना सेकंदाला २१७ वेळा, तुटक तुटक लहरी सोडायचे. फोन माइकच्या केबलजवळ असला की त्या लहरी केबलमध्ये शिरायच्या आणि स्पीकरमधून 'टक्-टक्-टक् टर्रर्र' असा आवाज यायचा. त्यानंतर क्षणभराने घंटी. तो टर्रर्र ऐकला की आम्ही समजायचो, विंगेत कोणाचातरी फोन चालू राहिलाय. म्हणून आमच्याकडे पहिल्या घंटेला बॅकस्टेजची एक प्लास्टिकची टोपली फिरते. नट, मेकअपवाले, प्रकाशवाले, सगळ्यांचे फोन बंद करून तिच्यात. हा नियम मोडल्याबद्दल आमच्या प्रमुख नटाला तालमीत सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली होती, आणि त्याने ती मुकाट्याने खाल्ली. आता ४जीच्या फोनने तो टर्रर्र बंद झाला, टोपली मात्र फिरते. प्रेक्षकांत अशी टोपली फिरवता येत नाही.

एकदा आमच्याच नाटकात रंगमंचावर टेलिफोन वाजायचा होता. जुना, काळा, तबकडीचा फोन, आणि त्याची ती खणखणीत घंटी मी सोडायची. घंटी सोडली तशी पुढच्या तीन-चार रांगांमध्ये माणसं दचकून आपापले खिसे आणि पर्सा चाचपू लागली. काळ्या फोनची घंटी, तरीही. त्या चाचपणाऱ्या हातांकडे पाहून मला त्यांच्याबद्दल माया वाटली. आपल्यामुळे प्रयोग मोडू नये ही धास्ती त्यांना होती. धास्ती आहे आणि तरी फोन बंद नाही, अशा ठिकाणी आपण येऊन ठेपलो आहोत.

माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी वर्षातून काही नाटकं यायची. गावातले डॉक्टर नाटकाचे वेडे. दारात शिरताना ते डोअरकीपरला सीट नंबर सांगून ठेवायचे, 'सी सात'. मॅनेजरच्या खोलीत एक फोन होता. दवाखान्यातून काही आलं तर डोअरकीपर बॅटरीचा उजेड पायाशी धरून, कमरेत वाकून रांगेच्या टोकाशी यायचा आणि माणसामाणसातून निरोप पुढे सरकायचा. डॉक्टर उठायचे आणि बाकीचे पाय आखडून वाट द्यायचे. कोणी 'च्च' केल्याचं आठवत नाही. बाळंतीण असेल, सर्पदंश असेल, काहीतरी असणारच, हे सगळ्यांना माहीत. निरोप यायचा तो एका माणसाच्या पारखीतून येत असे. डोअरकीपर काही चाणाक्ष होता अशातला भाग नाही. पण 'डॉक्टरांच्या घरी पाहुणे आलेत' एवढ्यासाठी तो नाटकात शिरला नसता.

आमच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या काकूंचा नंबर आम्ही पी.पी. म्हणून, म्हणजे शेजाऱ्यांमार्फत बोलावून घेण्यासाठी, देत असू. फोन आला की काकू गॅलरीतून हाक मारायच्या आणि आई पदराला हात पुसत धावायची. त्यांच्या दिवाणखान्यात, त्यांच्या सोफ्याशेजारी उभं राहून बोलायचं, उभ्यानेच. बोलणं आपोआप आटोपशीर व्हायचं, आणि आवाजही. बोलून झाल्यावर दोन मिनिटं काकूंशी बोलायचं, लगेच निघायचं नाही, हाही शिरस्ता होता. दूरच्या माणसाशी बोलताना जवळच्या माणसाची दखल घेण्याचा हा रिवाज कोणी शिकवला नाही. तो फोनच्या जागेमुळेच घडत गेला. मग ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला. २००३ पर्यंत आलेल्या फोनलाही पैसे पडत, म्हणून लोक 'नंतर लावतो' म्हणून पटकन ठेवत. तेही गेलं. आता ना काकूंचा दिवाणखाना, ना मीटर. फोन थेट खिशात येतो, आणि आलेला निरोप आत्ता द्यावा की नंतर, हे ठरवायला मधे कोणीच उरलेलं नाही.

हे लिहिताना मला एक शंका सारखी येते, की हा सगळा गोंगाटाचा प्रश्न आहे का? तर नाही. गोंगाट आपल्याला आवडतो. पुण्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी जो बसलाय त्याला माहीत आहे. 'आव्वाज कुणाचा' सुरू झालं की छत खाली येईल असं वाटतं. कॉलेजाचं नाव, आरोळ्या, शिट्ट्या, टाळ्या. आणि तिसरी घंटा होऊन पडदा सरकला की तीच पोरं श्वास रोखून बसतात, प्रतिस्पर्धी कॉलेजाच्या एकांकिकेलासुद्धा. मुंबईच्या लोकलमध्ये सकाळी टाळ घेऊन बसणारी भजनी मंडळी काही कमी आवाजाची नसतात. रात्रपाळी करून परतणाऱ्या एखाद्याला त्यांचा जाच होत असणार, तो मी नाकारत नाही. पण भजनात कोणी परका बसला तर त्याच्याकडे पाहून मान डोलावतात, टाळ पुढे करतात. तो आवाज तुम्हाला धरून असतो. तुम्ही तिथे आहात हे त्या आवाजाला माहीत असतं.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लॉरेन एम्बरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना एकाग्रतेची कामं दिली आणि त्या वेळी त्यांच्या कानावर कधी दोन माणसांचं पूर्ण संभाषण घातलं, कधी एकट्याचं बोलणं, कधी फोनवरच्या बोलण्याची एकच बाजू. पूर्ण संभाषणाने आणि एकट्याच्या बोलण्याने फारसं काही बिघडलं नाही. अर्ध्या संभाषणाने लक्ष विचलित झालं. पलीकडचा काय म्हणाला असेल याचा अंदाज मन आपसूक बांधत राहतं, ते थांबवणं आपल्या हातात नसतं. मी हे वाचलं तेव्हा मला पुन्हा ती कुंडी आठवली. आमची सबंध रांग त्या वीस सेकंदांत रंगमंचावरून उठून कुणाच्यातरी अंगणात जाऊन उभी राहिली होती. कोण पोचलं, कुठून, जेवलं की नाही. त्या गृहस्थांनी आवाज कितीही दाबला असता तरी हे झालंच असतं. 'मी हळू बोलतो ना' हे म्हणूनच पुरेसं नसतं.

मागे रात्रीच्या गाडीने कोल्हापूरला जाताना समोरच्या बर्थवर एक मुलगा रील्स पाहत होता, स्पीकरवर. तीच चार ओळींची धून संपायची, पुन्हा सुरू व्हायची, मधेच कोणाचंतरी खदाखदा हसणं, मग पुन्हा धून. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, त्याआधी गाडीत कोणी असं तासन् तास पाहत बसत नसे, परवडायचंच नाही. रात्री दहानंतर गाडीत मोठ्याने फोनवर बोलायचं नाही, इअरफोनशिवाय काही वाजवायचं नाही, असा रेल्वेचा आदेश २०२२ पासून आहे. मुंबईत बेस्टनेही २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय ऑडिओ-व्हिडिओ लावायला मनाई केली. हे नियम असावेत याच मताची मी आहे, आणि कंडक्टरने, टीसीने ते बजावून सांगावेत. त्या रात्री टीसी येऊन गेला होता. अर्ध्या डब्याला जाग होती आणि सगळे पांघरुणात तोंड खुपसून कुढत होते. शेवटी मी म्हटलं, "दादा, जरा आवाज कमी करतोस का?" त्याने लगेच बंद केला. आणि खरोखरच्या आश्चर्याने विचारलं, "तुम्हाला ऐकू येत होतं?"

त्याच्या चेहऱ्यावर उर्मटपणाचा लवलेश नव्हता. हातभर अंतरावर सहा माणसं होती आणि ती त्याच्या हिशेबातच नव्हती. त्या एका वाक्याने मला त्या दुपारच्या गृहस्थांबद्दलही काहीतरी उलगडलं. 'नाटकात आहे, बोल.' त्यांना नाटक दिसत होतं, फोन दिसत होता. आजूबाजूला बसलेले आम्ही दिसत नव्हतो. आणि तो थांबा तर आम्ही सगळ्यांनी मिळून धरला होता, त्यात त्यांचाही हात होता.

२०१९ मध्ये हा विषय मराठी रंगभूमीवर फार तापला होता. सुमीत राघवन यांनी फोन वाजत राहिला म्हणून प्रयोग थांबवला. सुबोध भावे यांनी उद्वेगाने लिहिलं की असंच चालणार असेल तर नाटकात काम करणंच सोडतो. पुष्कळांनी त्यांना तेव्हा नावं ठेवली, नटांना फार मिजास असते म्हणून. मला त्यात मिजास दिसली नाही. जिवाच्या आकांताने उभी केलेली गोष्ट लोकांच्या डोळ्यांसमोर मोडते तेव्हा माणूस असंच बोलतो. मग मुंबई महापालिकेच्या नाट्यगृहांत जॅमर बसवा अशी मागणी पुढे आली. जॅमरच्या मी विरोधात आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय जॅमर लावणं बेकायदा आहे हा एक भाग झाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जॅमर अडवतो नेटवर्क. उजेड अडवत नाही. अंधारात कुणी फोटो चाळत बसलं तर तो काय करणार? आणि गजर? रात्रीच्या प्रयोगाला नऊ वाजता रक्तदाबाच्या गोळीचे गजर वाजतात, आमच्या प्रेक्षकांचं वय पाहता एकापाठोपाठ एक. त्यातल्या कुणाला तो पटकन बंद करता येत नाही, अंधारात चष्मा सापडत नाही, बोटं थरथरतात. जॅमर लावा, गजर वाजतच राहणार.

दंडाचंही तसंच. न्यूयॉर्कच्या नगर परिषदेने २००३ मध्येच नाटक, सिनेमा, मैफिलीत फोन वापरणाऱ्याला ५० डॉलर दंडाचा कायदा केला. याची अंमलबजावणी होणं शक्य नाही म्हणून महापौर ब्लूमबर्ग यांनी नकाराधिकार वापरला, परिषदेने तो फेटाळून कायदा आणलाच. आणि २०१५ मध्ये त्याच शहरात पॅटी लुपोन या अभिनेत्रीला प्रयोग चालू असताना मेसेज टाइप करत बसलेल्या एका बाईंच्या हातातून फोन काढून घ्यावा लागला.

पाटी लावून भागत नाही हे मला सगळ्यात जास्त कळलं ते स्मशानात. मावशी गेली तेव्हा तिची मुलगी टोरांटोला होती. येणं शक्य नव्हतं. मामेभाऊ फोन उंच धरून उभा होता, व्हिडिओ कॉल लावून. पलीकडून ताईचा आवाज येत होता, "जरा खाली धर, चेहरा दिसू दे... हार बाजूला कर ना रे." मागे भिंतीवर पाटी होती, मोबाइल बंद ठेवा. एक वडीलधारे पुढे आले आणि म्हणाले, "अरे, तो फोन आत ठेव. जनाची नाही तर मनाची तरी." मामा त्यांना म्हणाला, "राहू द्या अण्णा. तिकडे ताई आहे." अण्णा काही बोलले नाहीत. ते पुढे झाले आणि त्यांनीच आपल्या हाताने हार बाजूला केला. त्याच वेळी बाकावर बसलेले आमचे एक नातेवाईक खाली मान घालून व्हॉट्सअॅप चाळत होते. फोन सायलेंटवर, कोणालाही त्रास नाही, पाटीचा भंग झालाय हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. ताईचा आवाज तिथल्या प्रत्येकाला ऐकू जात होता आणि त्या आवाजाने त्या दिवशी काही मोडलं नाही. उलट ती तिथे होती.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं एकमेकांशी बोलतात. त्याच सुमारास पुसद तालुक्यातल्या एका गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंद करण्याचा ठराव केला होता. तो मला पटला नाही, कारण त्यात मोठ्यांनी स्वतःचं काहीच सोडलेलं नव्हतं. वडगावच्या भोंग्यातली मला भावणारी गोष्ट म्हणजे तिथे कोणाला एकट्याने संयम धरायचा नाही. सगळ्यांचेच बंद असले की आपलं काही चुकतंय ही हुरहुर राहत नाही. खिशातला फोन बंद करताना माणसाला जी भीती वाटते ती खरी आहे, तिला हसून चालणार नाही. घरी आजारी आई आहे, मुलगी रात्री उशिरा परततेय, सून पुरी दिवसांची आहे. 'तीन तास जगबुडी होणार आहे का' असं विचारणाऱ्यांच्या घरी बहुधा सगळं सुरळीत चाललेलं असतं.

म्हणून आम्ही आमच्या पुढच्या प्रयोगाला ती जुनी रीत परत आणतो आहोत. तिकिटाच्या पाठीवर एक नंबर छापलाय. दाराशी आमचा एक सभासद साधा बटणांचा फोन आणि एक वही घेऊन बसेल. ज्याला घरची काळजी आहे त्याने सीट नंबर, नाव आणि कोणाचा फोन येऊ शकतो एवढं वहीत लिहायचं, घरच्यांना तो नंबर कळवायचा, आणि आपला फोन पूर्ण बंद करायचा. सायलेंट नाही, बंद. रंगीत तालमीला ओळखीपाळखीचे लोक बोलावून करून पाहिलं. पहिली दहा मिनिटं फोन बंद करून देण्यातच गेली, कारण हल्लीच्या पुष्कळ फोनवर बाजूचं बटण दाबून धरलं की फोन बंद न होता 'काय मदत करू' असं विचारणारी बाई सुरू होते, आणि बऱ्याच काका-काकूंनी फोन घेतल्यापासून तो कधी बंदच केलेला नव्हता. एक तरुण मुलगा हटून बसला, व्हायब्रेटवर ठेवतो म्हणाला. त्याला मी साउंडच्या टेबलापाशी नेलं, त्याचा फोन लाकडी फळीवर ठेवला आणि त्याला शेवटच्या रांगेत बसवून फोन लावला. परत येऊन त्याने तो बंद केला. वहीत फार नावं आली नाहीत. एक बाई लिहून गेल्या, 'आईजवळ आया आहे, तिचाच फोन येईल.' मध्यंतरात त्या दाराशी आल्या, काही आलं का विचारलं, नाही म्हटल्यावर वडा घेतला आणि आत जाऊन बसल्या. आतापर्यंत मी त्यांना प्रत्येक नाटकात दर थोड्या वेळाने पर्समध्ये डोकावतानाच पाहिलं होतं.

तुळशीच्या कुंडीवाल्या गृहस्थांना अशी सोय मिळाली असती तर काय झालं असतं याचा मी विचार केला. मुलाने नंबर फिरवला असता, दारावरच्या पोराने विचारलं असतं, काय निरोप? किल्ली कुठे आहे. हा निरोप त्याने लगेच आत न्यायचा की अंक संपेपर्यंत मुलाला थांबवायचं? यावर आमच्या ग्रुपमध्ये अजून एकमत नाही. दिग्दर्शकाचं म्हणणं, दवाखाना सोडून कशालाही आत यायचं नाही, किल्लीवाला बाहेर थांबेल. दारावर बसणारा मुलगा म्हणतो, प्रवासातून दमून आलेल्याला तासभर जिन्यात का बसवायचं, मी अंधारात वाकून जाईन आणि फक्त 'किल्ली' एवढंच विचारून येईन. मी दोघांना माझी संहिता दाखवली आहे. त्यात जिथे जिथे 'इथे हात लावू नको' लिहिलंय त्या जागा लाल पेन्सिलीने दारावरच्या मुलाच्या प्रतीवर उतरवून दिल्या आहेत. त्या जागा सोडून जायचं, एवढ्यावर सध्या सगळे राजी आहेत. दवाखान्याचा फोन त्याच जागेवर आला तर काय, हे मात्र अजून ठरायचं आहे, आणि प्रयोग शनिवारी आहे.